राजाने जहाज दिलं का?

आमच्या कॉलनीतून बाहेर पडायला रस्ता एकच होता. एका अंगाला उघडेबोडके डोंगर, दुसऱ्या अंगाला समुद्र, मधे सिमेंटचा कारखाना आणि त्याला लागून आमची पंचवीसेक बैठी घरं. आखातातलं रास अल खैमा शहर तिथून गाडीने अर्ध्या तासावर, आणि गाडी नसेल तर परदेशात. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी तिशी ओलांडली होती, मुलगी दुसरीत होती आणि माझ्या व्हिसावर माझा व्यवसाय 'हाउसवाइफ' असा छापलेला होता. पुण्यात मी लूनावरून अख्खं शहर पालथं घातलं होतं. इथे मी कोपऱ्यावरच्या बकाल्यापर्यंत, म्हणजे वाण्याच्या दुकानापर्यंत, चालत जायचे, ब्रेड आणि दही घ्यायचे आणि चालत परत यायचे. वाटेत अंगावर बसलेली सिमेंटची पूड घरी येऊन झटकायचे.

मला गाडी चालवायला शिकायचं होतं. एवढंच. पण तिथला नियम असा, की नवऱ्याच्या व्हिसावर असलेल्या बाईला लायसन्स काढायचं तर नवऱ्याने लेखी द्यावं लागे, की माझी हरकत नाही. त्या कागदाला सगळे एनओसी म्हणत. माझ्या नवऱ्याची हरकत होती.

नवरा वाईट होता असं कुणी समजू नये. कारखान्यात तो इंजिनियर होता, शिफ्ट सांभाळायचा, आवाज चढवून बोलायचा नाही. मी गाडीचा विषय काढला की म्हणायचा, "तुला इथे काय कमी आहे? काय हवं ते सांग, मी आणून देतो." आणि खरंच आणायचा. एकदा कढीपत्ता संपला म्हटलं तर ड्यूटीवरून आल्या पावली शहरात जाऊन घेऊन आला. अशा माणसाशी भांडणं फार कठीण. भांडायला गेलं की आपणच कृतघ्न ठरतो. मी तरी भांडायचे, कारण गप्प बसणं मला जन्मात जमलेलं नाही.

त्या दिवसांत कॉलनीतलं एक इंग्रज कुटुंब देश सोडून परत निघालं. जाणारी माणसं घरातलं सामान विकून जात, तशी त्यांनी खुर्च्या-भांड्यांबरोबर पुस्तकांची एक पेटीही विकायला काढली. त्यात मला ती कादंबरी मिळाली. मुखपृष्ठावर पिवळ्या केसांचा उघड्या छातीचा एक धिप्पाड व्हायकिंग राजा, त्याच्या हातांत एक बाई, मागे ड्रॅगनच्या तोंडाचं जहाज. पुस्तक तिथल्याच दुकानातून घेतलेलं असणार, कारण बाईचे उघडे खांदे कुणीतरी काळ्या मार्करने व्यवस्थित झाकून टाकले होते. राजाच्या छातीला मात्र कुणी हात लावला नव्हता. मी त्याला मुलीच्या शाळेच्या पुस्तकांसारखं खाकी कव्हर घातलं. मुलीने उत्साहाने त्यावर लेबल चिकटवून 'सोशल स्टडीज' लिहिलं. "मम्मा, नाउ इट लुक्स प्रॉपर," असंही म्हणाली.

सकाळी स्कूलबस गेली आणि पुरुष कामावर गेले की कॉलनीतल्या आम्ही मराठी बायका दहाच्या सुमारास माझ्याकडे जमायचो, कारण आमचा एसी सगळ्यांत गार होता. भाजीचा ट्रक आठवड्यातून एकदा यायचा आणि आम्ही घाऊक मेथी घेऊन निवडत बसायचो. सगळ्यांत मोठ्या कोल्हापूरच्या वहिनी. त्यांचे मिस्टर कारखान्याच्या स्टोअरमध्ये होते. सगळ्यांत धाकटी नाशिकची नवी नवरी, हातावरची मेंदी अजून पुरती न गेलेली. बाकी आणखी दोघी-तिघी. एकदा वहिनींनी ते खाकी पुस्तक उचललं आणि विचारलं, "सोशल स्टडीज काय एवढं रंगून वाचतेस ग?" मी त्यांना आतलं चित्र दाखवलं. त्यांनी चित्र बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "सांग."

मग मी सांगत गेले. उत्तरेकडचा बर्फाळ मुलूख. तिथला राजा जहाजं घेऊन समुद्रापलीकडच्या एका बेटावर धाड घालतो आणि तिथल्या नावा बांधणाऱ्याच्या मुलीला कैद करून आणतो. लांबलचक लाकडी घर, मधोमध पेटलेली आगटी, धूर, मेंढीची कातडी, मधाची दारू. राजा आधी क्रूर असतो, मग तिच्यापुढे मऊ होत जातो. बायकांना कथा आवडली, पण त्यांच्या शंका माझ्या कल्पनेच्या पलीकडच्या होत्या. एवढ्या थंडीत आंघोळ कधी करत? भात मिळत नसेल तर मुलं काय खात? ती राजाला अरे म्हणते की अहो? वहिनींचं मत पडलं की कैदेत असेपर्यंत अरे म्हणू दे, लग्न ठरलं की अहो. मी स्वतः नवऱ्याला घरात अरे आणि चारचौघांत अहो म्हणायचे, त्यामुळे मला हा तोडगा पटला.

"आणि सासू?" नव्या नवरीने विचारलं. पुस्तकात सासू नव्हती. पण तिच्या चेहऱ्यावरची काळजी बघून मी राजाला एक आई दिली. कडक, उंच, कमरेला घरातल्या सगळ्या पेट्यांच्या किल्ल्यांचा जुडगा. त्या दिवसापासून कथा माझ्या हातातून सुटली, किंवा खरं म्हणजे माझ्या हातात आली. पुस्तकातली ती मुलगी चौथ्या प्रकरणातच राजाच्या डोळ्यांचं कौतुक करायला लागते, आणि हे वाचून माझं डोकं फिरलं होतं. घरदार जाळून आणलंय त्याने तुला, आणि तू डोळे कसले बघतेस? माझ्या गोष्टीतली मुलगी डोळे बघत नव्हती. ती रोज सकाळी धक्क्यावर जाऊन जहाजं बघायची. बापाने तिला शिडं बांधायला शिकवलं होतं, सुकाणू धरायला शिकवलं होतं.

हळूहळू राजा तिला एकेक गोष्ट देत गेला. चांदीच्या बांगड्या दिल्या, कोल्ह्याच्या कातड्याचा झगा दिला. मग एके सकाळी राजाच्या आईने कमरेचा जुडगा काढून तिच्या कमरेला बांधला. तेव्हा वहिनींच्या हातातली मेथी हातातच राहिली. "किल्ल्या दिल्या!" त्या म्हणाल्या. "आता काय राहिलं बाई?" मलाही भरून आलं, कारण माझ्या सासूने मला फ्रिजचीसुद्धा मोकळीक दिली नव्हती. पण मी नेटाने पुढे सांगितलं. राजा तिला विचारतो, "आता तरी सुखी आहेस ना? तुला इथे काय कमी आहे? काय हवं ते सांग, मी आणून देतो."

"किती चांगला!" नवी नवरी म्हणाली.

"ती म्हणते, मला एक जहाज दे," मी म्हटलं.

बायका एकदम गप्प झाल्या. मला वाटलं, काय परिणाम झाला! मग लक्षात आलं, त्या माझ्या मागे बघत होत्या. दारात माझा नवरा उभा होता. काखेत हेल्मेट, बुटांवर पूड. चष्मा विसरला म्हणून मधेच घरी आला होता आणि कधीपासून उभा होता कुणास ठाऊक. त्याने फ्रिजवरचा चष्मा घेतला आणि गेला.

संध्याकाळी चहा घेताना त्याने विचारलं, "तुझा राजा माझ्यासारखा का बोलतो?"

"सगळे राजे तसंच बोलतात."

"आणि जहाज घेऊन ती जाणार कुठे?"

"ते तिचं ती बघेल."

"बुडली म्हणजे?"

मी काही बोलणार तेवढ्यात तो कपाकडे बघत म्हणाला, "त्या रस्त्यावर उंट आडवा आला होता. आमच्यातला तो गेला ना, मागच्या वर्षी. हॉस्पिटलमध्ये बॉडी ओळखायला कंपनीने मला पाठवलं होतं. मी त्याला शर्टावरून ओळखलं." हे त्याने मला कधी सांगितलं नव्हतं. तो माणूस आमच्याकडे जेवून गेला होता, एवढंच मला आठवत होतं. मी नवऱ्याच्या हातावर हात ठेवला. मला त्याची फार कणव आली आणि त्याच वेळी फार रागही आला. भीती त्याची होती आणि घरात मी बसले होते.

"मला कुठे पळून जायचं नाहीये," मी म्हटलं. "मला जाता यायला हवंय."

तो म्हणाला, "बघू." आमच्या घरात बघू म्हणजे नाही.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता बायका जमल्या. मेथी नव्हती तरी जमल्या. मी सगळ्यांना पाणी दिलं आणि सांगून टाकलं, की गोष्ट इथे थांबली. "राजाने जहाज दिलं की नाही, ते मी लायसन्स मिळाल्यावर सांगेन. गाडीत बसवून, समुद्रावर नेऊन सांगेन. तोपर्यंत कुणीही विचारायचं नाही."

"अगं, असं कसं!" वहिनी ओरडल्या. "हा काय हट्ट लहान पोरासारखा!"

"लहान पोरासारखाच," मी म्हटलं आणि भाजी फोडणीला टाकायला उठले.

त्यांनी सगळे उपाय करून पाहिले. माझ्या मुलीला चॉकलेट देऊन विचारलं, तर ती म्हणाली, "आंटी, आय डोन्ट नो, मम्माज स्टोरीज आर व्हेरी लाँग." नव्या नवरीने पुस्तकच मागून नेलं, डिक्शनरी घेऊन वाचायला बसली आणि काही दिवसांनी तणतणत परत आली. "ह्यात तर सासूच नाही! किल्ल्या नाहीत, जहाज मागतसुद्धा नाही ती. शेवटी तो तिला शत्रूपासून वाचवतो आणि ती त्याच्या गळ्यात पडते. तुम्ही आम्हाला वेगळंच काहीतरी सांगत होता!" मी म्हटलं, मग यातलं खरं कुठलं वाटतं तुला? ती म्हणाली, "तुमचं." पुस्तक तिने माझ्या हातात दिलं ते परत मागितलं नाही.

कॉलनीतल्या इतर पुरुषांना या प्रकरणाची झळ लागली ती पुढच्या महिन्यात. हे मला नवऱ्यानेच नंतर सांगितलं. कँटीनमध्ये वहिनींचे मिस्टर त्याच्याजवळ ताट घेऊन बसले आणि म्हणाले, "साहेब, त्या राजाचं काहीतरी सेटल करा. घरात रोज तोच विषय. मला विचारते, तुम्ही राजा असता तर जहाज दिलं असतं का. मी म्हटलं, स्टोअरमध्ये असेल तर रिक्विझिशन टाक, इन्शाल्ला मिळेल. दोन दिवस आमटीत मीठ नाही, साहेब." नव्या नवरीचा नवरा लॅबमध्ये होता, तो लाजाळू. तो फक्त म्हणाला, "सर, आमच्याकडेपण." बरोबरच्या मल्याळी फोरमनलाही हे माहीत होतं. त्याने हिंदीत विचारलं, "साब, शिप का प्रॉब्लेम सॉल्व हुआ क्या?"

मी घरी एका शब्दाने विषय काढत नव्हते. स्वयंपाक वेळेवर, डबा वेळेवर, हसणं-बोलणं नेहमीसारखं. पण रोज सकाळी त्याची गाडी धुवायचं काम मी स्वतःकडे घेतलं. सिमेंटची पूड रोज साचायची आणि रोज मी ती फडक्याने पुसायचे, काचा, बॉनेट, आरसे. पुसून झालं की ड्रायव्हरच्या सीटवर बसून स्टिअरिंग पुसायचे आणि तिथे जरा जास्त वेळ बसायचे. तो स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायचा. बघू दे म्हटलं.

एका गुरुवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी होती. तो शहरातून उशिरा आला आणि जेवणाच्या टेबलावर एक कागद ठेवला. टायपिंगवाल्याकडून अरबीत टाइप करून आणलेला, खाली माझ्या नवऱ्याची सही.

"वाच," तो म्हणाला.

"अरबीत आहे."

"लिहिलंय, की माझी हरकत नाही."

"आणि आहे का?"

"आहे," तो म्हणाला. "पण लिहून दिलंय."

मी लग्नात रडले नव्हते, त्या दिवशी रडले. मग तोंड धुऊन त्याला साबुदाण्याची खिचडी करून वाढली, कारण ती त्याला सगळ्यांत जास्त आवडते.

मला शिकवायला मोठ्या वयाची एक अरब बाई मिळाली. काळा अबाया, हातात सतत बडीशेपेची पुडी. मी दबकत चालवायला लागले की ती डॅशबोर्डवर थाप मारून "यल्ला, यल्ला!" म्हणायची आणि मी जोरात गेले की छातीवर हात ठेवून अल्लाला हाक मारायची. पुण्यातल्या सवयीने मी सुरुवातीला सारखी चुकीच्या बाजूला वळायचे. हळूहळू हात बसला. पण परीक्षेत नापास झाले. मोठ्या गोल चौकात येणाऱ्या प्रत्येकाला आधी जाऊ देत मी इतका वेळ उभी राहिले, की शेजारी बसलेल्या पोलिसाने घड्याळात बघितलं आणि "खलास" म्हणून मला खाली उतरवलं. पाहुण्यांना आधी वाढायचं आणि आपण शेवटी बसायचं, हेच आयुष्यभर केलेलं. चौकातही तेच केलं.

घरी आल्यावर नवऱ्याने स्वतः चहा करून दिला. तो दिलासा देत होता, पण त्याला मनातून हायसं वाटलंय हे मला स्वच्छ दिसत होतं. मी चहा प्यायले आणि लगेच पुढची तारीख घ्यायची म्हणून त्याला घेऊन निघाले. दुसऱ्या खेपेला त्याच चौकात एक मोठा टँकर येत होता. मी बघितलं, तो अजून लांब होता, आणि मी घुसले. शेवटी कागदावर सही करताना पोलिसाने मान डोलावली.

लायसन्स मिळालं त्याच आठवड्यात मी बायकांना गाडीत बसवलं. वहिनी पुढे, बाकीच्या मागे दाटीवाटीने, सगळ्यांच्या ठेवणीतल्या साड्या. नवऱ्याची सुट्टी होती. त्याने टायर बघितले, पाणी बघितलं, आरसा नीट केला, मग मी तो माझ्या उंचीला पुन्हा नीट केला. "सावकाश," एवढंच तो म्हणाला. कॉलनीच्या गेटमधून बाहेर पडताना मी इतकी आनंदात होते, की दात घट्ट आवळून धरावे लागले. त्या एकुलत्या एका रस्त्यावर मी डाव्या हाताचा डोंगर आणि उजव्या हाताचा समुद्र पहिल्यांदा पुढच्या काचेतून, माझ्या वेगाने बघितला.

शहराच्या अलीकडे एका ठिकाणी वाळू थेट पाण्यापर्यंत जाते. तिथे गाडी थांबवली, एसी चालू ठेवला आणि शेवट सांगितला. राजा तीन ऋतू विचार करतो. त्याची आई म्हणते, देऊ नकोस. त्याचे सरदार म्हणतात, देऊ नकोस. शेवटी एका सकाळी तो तिला धक्क्यावर नेतो आणि सगळ्यांत हलकं, सगळ्यांत चपळ जहाज दाखवतो. ती कमरेच्या किल्ल्या काढून त्याच्या हातात देते, शीड सोडते आणि सुकाणू धरते. खाडीच्या तोंडातून जहाज बाहेर पडतं. वारा चांगला असतो.

"आणि?" वहिनी म्हणाल्या.

"संपली."

"संपली कशी? तो काय करतो?"

इतके महिने मी फक्त तिचा विचार केला होता. ती शीड कसं उभारेल, किती दूर जाईल, हे सगळं मला पाठ होतं. राजाला मी धक्क्यावर उभं केलं होतं आणि तिथेच विसरून गेले होते. मी म्हटलं, "तो त्याचं बघेल." वहिनींना ते मुळीच पटलं नाही. परत येईपर्यंत त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

गेटजवळ आलो तेव्हा ऊन टळटळत होतं. गेटच्या खांबाशी माझा नवरा उभा होता. डोक्याला कंपनीची टोपी, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. मी गाडी हळू केली तसा गेटवरचा पठाण काचेशी वाकला आणि तक्रारीच्या सुरात म्हणाला, "मॅडम, साब तबसे इधरही खड़ा है. मैंने कुर्सी दिया, बैठा नहीं."

वहिनी समोर बघत हळूच म्हणाल्या, "हे करतो तो."

मी काच खाली केली. नवऱ्याने आधी बायका मोजल्या, मग गाडीला कुठे खरचटलंय का ते बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "आलीस," तो म्हणाला. चारचौघांत मी त्याला अहो म्हणायचे. त्या दिवशी विसरले आणि म्हटलं, "आले रे."

संध्याकाळी चहाच्या वेळी त्याने विचारलं, "काय झालं शेवटी? राजाने जहाज दिलं का?"

"दिलं."

"मग ती परत आली?"

"आली," मी म्हटलं. "पण जहाज परत दिलं नाही तिने."

त्याने बिस्कीट चहात बुडवून खाल्लं. मग म्हणाला, "उद्या कुठे जाणार आहेस?" मी म्हटलं, अजून ठरवलं नाही. गाडीची किल्ली माझ्या पर्समध्ये होती, ती मी तिथेच राहू दिली.